मोठा वॉशर अडला छोट्या वॉशरपायी

खोक्यावर बादलीचं चित्र होतं. बादलीतून एक पाइप मशीनमध्ये जातोय आणि दुसऱ्या टोकाला गाडी चकाकतेय. स्वस्तातल्या प्रेशर वॉशरवर, म्हणजे जोरदार धारेने गाडी धुणाऱ्या मशीनवर, हे चित्र हमखास असतं, आणि चित्रातली बादली प्रत्यक्षात चालू करताना माझे दोन रविवार गेले. आता मशीन सुरळीत चालतं, पण त्या चित्राचा राग काही जात नाही.

निवड करणं तसं सोपं आहे. गाडीसाठी ८० ते १०० बार खरा दाब भरपूर झाला. बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापं. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, त्यामुळे कुणी १४५० पीएसआय म्हणून भाव खाल्ला तरी ते १०० बारच. मोठ्या अक्षरातला आकडा कमाल दाबाचा असतो. वापरताना मिळणारा दाब खाली बारीक अक्षरात ‘रेटेड’ म्हणून लिहिलेला असतो, तोच वाचायचा. तोही पटत नसेल तर बार गुणिले दर मिनिटाचे लिटर, भागिले ६००. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. १४०० वॅटच्या मशीनवर १३० बार आणि ७ लिटर छापलं असेल तर उत्तर येतं दीड किलोवॅट. म्हणजे मशीन विजेकडून १.४ घेतं आणि पाण्याला १.५ देतं! वर मोटर आणि पंप गरम होण्यात जाते ती शक्ती वेगळीच. हे दोन आकडे एकाच वेळी मिळूच शकत नाहीत. त्याच वॅटला ९० बार आणि ५.५ लिटर लिहिलं असेल तर उत्तर ०.८ च्या आसपास येतं. तो माणूस बरा बोलतोय.

कार्बन ब्रशची मोटर हलकी, स्वस्त आणि कर्कश असते. इंडक्शन मोटर शांत आणि टिकाऊ, पण जड नि महाग. पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटांसाठी ब्रशवाली पुरते, फक्त बदलायचे ब्रश सुटे मिळतात का ते विचारून घ्या. पंपाचं डोकं प्लॅस्टिकऐवजी ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं असलेलं बरं. ट्रिगर सोडला की मोटर आपोआप बंद व्हायलाच हवी.

आता ती बादली.

हे पंप पाणी ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात अगदी लेचेपेचे. आत तीन छोटे पिस्टन पुढेमागे करत असतात. पाणी दाबलं जात नाही, म्हणून ते पुढे सरकतं. हवा मात्र दाबली जाते आणि पिस्टन मागे आला की पुन्हा फुगते. व्हॉल्व्ह उघडायलाच तयार नाही. मग मोटरचा सूर वरखाली होतो, धार तुटक येते, ट्रिगर सोडल्यावरही मोटर नीट थांबत नाही. आपल्याला वाटतं पंप गेला. कंपनीच्या मदत क्रमांकावरही पहिलं उत्तर तेच, ‘सर, पंप तपासावा लागेल.’ पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

खरी गोम अशी की ओढणाऱ्या बाजूची गळती दिसत नाही. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी ठाक, सांधा कोरडा ठाक, आणि आपण भलत्याच बाजूच्या, दाबाच्या सांध्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळत बसतो. ती पकडायची युक्ती सोपी आहे. तोच पाइप त्याच सांध्यांसकट नळाला जोडायचा, नळ सोडायचा आणि मोटर बंदच ठेवायची. बादलीवर जो सांधा हवा ओढत होता तो आता थेंब थेंब गळायला लागतो. माझ्याकडे मशीनच्या तोंडाच्या प्लॅस्टिक नटात बसणारी रबरी चकती तिरकी बसली होती. तिलाही वॉशरच म्हणतात, म्हणजे मोठा वॉशर अडला तो छोट्या वॉशरपायी.

नळाला लावूनही काही गळलं नाही तर चटकन बसणाऱ्या क्लिकच्या कनेक्टरवर संशय घ्या. आतून दाब असला की ते घट्ट राहतात, पण ओढ लागली की बारीक हवा घेतात. ओढायच्या बाजूला आट्यांचा सांधा आणि स्क्रूने आवळायची क्लिपच हवी. बागेचा मऊ पाइप तर मुळीच नको, ओढ लागली की तो चपटा होतो. जाळी विणलेला जाड पाइप घ्या, शक्यतो पारदर्शक, म्हणजे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. लांबी दोन-तीन मीटर, टोकाला जाळीचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. त्यामुळे मध्येच थांबलं तरी पाइपातलं पाणी परत बादलीत उतरत नाही.

सुरू करताना पाइप अख्खाच्या अख्खा पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरायचा, टोकावर अंगठा दाबून आणायचा आणि मशीनला आवळायचा. बंदुकीची पुढची नळी काढून ठेवायची, म्हणजे हवेला मोकळी वाट मिळते. ट्रिगर दाबून धरायचा, मग मोटर चालू. २०-३० सेकंदांत आधी थुंकल्यासारखं आणि मग अखंड पाणी यायला हवं. नाही आलं तर बंद करा आणि पुन्हा पाइप भरा. हट्टाने चालवत राहू नका. पंपाची सीलं पाण्यानेच थंड राहतात, कोरडी फिरली की जळतात. आणि बादली जमिनीवर का ठेवायची? स्टुलावर, मशीनपेक्षा उंच ठेवली तर भरलेल्या पाइपातून पाणी आपसूक खाली येतं. निम्मी कटकट तिथेच मिटते.

बादलीचा हिशेबही चित्रात नसतो. मिनिटाला ५.५ लिटर लागणाऱ्या मशीनला २० लिटरची बादली साडेतीन मिनिटं पुरते, आणि तळाशी भोवरा झाला की त्याआधीच हवा शिरते. अख्ख्या गाडीला ट्रिगर दाबलेला वेळ दहा मिनिटं धरली तर ५५ लिटर लागतात. म्हणून १०० लिटरचं पिंप हवं. नळ असेल तर आधी नळ मोजा. १० लिटरची बादली ७५ सेकंदांच्या आत भरत असेल तर या आकाराच्या मशीनला पुरतो.

बंदुकीला जोडून साबणाचा फेस उडवणाऱ्या फोमच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. तिच्या जोडणीचे एम२२, म्हणजे २२ मिमीचे, आटे दोन प्रकारचे असतात, आतली दांडी १४ मिमीची किंवा १५ मिमीची. आटे दोन्हीकडे छान बसतात, म्हणून चूक कळत नाही, पण दाब आला की फवारा उडतो. मापून घ्या. कमी लिटरच्या मशीनला बाटलीचं भोक १.१ मिमीचं लागतं, १.२५ च्या भोकातून नुसतं साबणपाणी पडतं. एक लिटरच्या बाटलीत १०० मिली शाम्पू, बाकी पाणी.

गाडीवर २५ किंवा ४० अंशांची धार, म्हणजे हिरवं किंवा पांढरं नोझल. अंतर किमान ३० सेंमी, धार तिरकी. लाल, शून्य अंशाचं नोझल पेटीतून बाहेरच काढू नका. गोल फिरणारी धारही रंगावर किंवा टायरच्या बाजूवर नको. जिथे रंगाचा टवका उडालाय किंवा स्टिकरची कड सुटलीय तिथे जवळ गेलात की उरलेलंही उडणार. रेडिएटरच्या पात्याही दुमडतात.

वायर जोडून वाढवायची असेल तर १.५ चौरस मिमीची, लांब असेल तर २.५ ची, आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते आणि बारीक वायरीवर मोटर नुसती घुमते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) याबाबत काटकसर नको.

काम झालं की मोटर बंद, पाणी बंद, मग ट्रिगर दाबून अडकलेला दाब सोडायचा. तोंडाची जाळी काढून धुवायची. माझ्या मशीनच्या मुठीला तीन जादा रबरी चकत्या दोऱ्याने बांधलेल्या आहेत. दिसायला विचित्र दिसतात, दिसोत.