तीन रकान्यांची वही

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेने मला काय दिले, या प्रश्नाचे माझे उत्तर एका शंभर पानी वहीत मावते. दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा प्रत्येकाला अशी एक वही वेगळी ठेवायला लावली होती आणि तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने आखायला सांगितले होते: समजले, पाठ आहे, समजले नाही. वर्गात शिकवलेला प्रत्येक घटक त्याच दिवशी यांपैकी एका रकान्यात ज्याचा त्याने नोंदवायचा. ही वही बाई तपासत नसत, तिला गुण नव्हते आणि पालकसभेतही ती कुणाला दाखवली जात नसे. तिच्यात खोटे लिहून काही पदरात पडण्यासारखे नव्हते, आणि बाईंच्या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग मला आज हाच वाटतो. पंधरा वर्षांच्या मुलांना ‘खरे बोला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरे लिहिल्याने काहीही बिघडणार नाही, अशी एक जागा बाईंनी आम्हाला करून दिली.

पहिल्या दोन रकान्यांतील सीमारेषा त्या फार काटेकोरपणे पाळायला लावत. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता वर्गातील बहुतेकांना तोंडपाठ होती. बाई फळ्यावर त्रिकोण आडवा काढत, शिरोबिंदूंना एबीसीऐवजी पीक्यूआर अशी नावे देत आणि काटकोन पुस्तकातल्या जागेवरून हलवून वरच्या टोकाला नेत. एवढे केल्यावरही ज्याला सिद्धता मांडता येईल, त्यानेच ती पहिल्या रकान्यात लिहायची. पाठ असण्यात काही कमीपणा आहे, असे त्यांनी कधी सुचवले नाही. परंतु पाठ असलेले आणि समजलेले यांची सरमिसळ त्यांना मुळीच चालत नसे. ही परीक्षा घरी, स्वतःची स्वतःला घेता येत असे, आणि तिची सवय एकदा लागली की परीक्षक म्हणून दुसरे कुणी समोर असण्याची गरज उरत नसे.

तिसरा रकाना लांबत गेला की मन खचते, हे बाईंना ठाऊक होते. म्हणून एका आठवड्यात त्यातील एकच घटक निवडायचा, तोही समजण्याच्या सर्वांत जवळ आलेला, असा त्यांचा नियम होता. तो समजला की त्यावर रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची आणि पहिल्या रकान्यात त्याची नव्याने नोंद करायची. दिवाळीपर्यंत माझ्या वहीत अशा रेघा दिसू लागल्या होत्या आणि संध्याकाळी अभ्यासाला बसताना आईला हाक मारावी लागेनाशी झाली होती. आपण नेमके कुठे आहोत आणि मागच्या महिन्यात कुठे होतो, हे स्वतःच्या अक्षरात समोर दिसत असले की पुढचे पाऊल टाकण्याची इच्छा आपोआप होते, हा माझा त्या वर्षीचा अनुभव आहे.

आपल्या शाळेचा तालुका कराड, त्यामुळे गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची कथा आमच्या क्रीडाशिक्षकांकडून प्रत्येक तुकडीने ऐकलेली आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो वजनगटात खाशाबा सहावे आले. लाल मातीत तयार झालेल्या बावीस वर्षांच्या त्या मल्लाला मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवखे होते. सर कथा इथे थांबवत आणि सहावा क्रमांक हा मान की पराभव, असे आम्हाला विचारत. वर्गातून दोन्ही उत्तरे येत. सर म्हणत, “पाच जण पुढे होते, हे खरे. मातीतला गडी पहिल्याच वेळी मॅटवर सहाव्या जागेपर्यंत गेला, हेही तितकेच खरे. यातले एकच धरून बसाल तर पुढची चार वर्षे काय करायचे ते कळणार नाही.” मग ते १९५२ च्या हेलसिंकीकडे वळत. वजनगट आता ५७ किलोचा होता. प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या जपानच्या इशी यांच्याशी झालेली दीर्घ लढत मात्र ते हरले आणि त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले. ती लढतही ते हरले, तरी त्यांना मिळालेल्या कांस्यपदकाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक यश दिले. त्यानंतरचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी आणले. बाईंची वही आणि सरांचा प्रश्न या दोन्हींत एकच शिकवण होती, हे माझ्या लक्षात पुष्कळ पुढे आले.

ते लक्षात आले पुण्यात, सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत, राज्यसेवा परीक्षेची तयारी करताना. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकलेल्या उत्तरामागे गुण कापले जातात, त्यामुळे आपल्याला काय येते आणि काय येते असे नुसते वाटते, यांतील फरक ज्याला कळतो त्याला ती परीक्षा पावते. मी सराव प्रश्नपत्रिकांसाठी पुन्हा तीन रकाने आखले: ठामपणे येते, अंदाज आहे, येत नाही. अभ्यासिकेच्या भिंतींवर ‘मी करू शकतो’ अशा अर्थाची वाक्ये ठळक अक्षरांत लावलेली असत. ती लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, परंतु निकालाच्या यादीत नाव नसलेल्या संध्याकाळी मला त्या वाक्यांनी आधार दिला नाही. आधार दिला तो वहीने, कारण इतिहास आणि अर्थव्यवस्थेतील कितीतरी घटक तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात आलेले तिच्यात दिसत होते आणि राहिलेले कोणते, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले होते. आशा धरायला मला तेवढा पुरावा पुरला. आज मी महसूल खात्यात काम करते आणि नव्या कायद्याचे किंवा शासननिर्णयाचे वाचन अजूनही त्याच पद्धतीने करते.

माझी शाळेकडे एक विनंती आहे. बाई निवृत्त झाल्यानंतर ही वही बंद पडली, असे मला समजले. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून आठवी ते दहावीच्या वर्गांत ती पुन्हा सुरू करावी आणि ती कुणीही तपासू नये, हा बाईंचा नियम तसाच ठेवावा. वह्यांचा खर्च आमची तुकडी आनंदाने उचलेल.