हो, नाही आणि गैरलागू

शुक्रवार, रात्री उशिरा

लाईट सातला गेली, अजून पत्ता नाही. सगळ्यांचे मोबाईल शेवटच्या घटका मोजत होते, त्यामुळे मामांच्या ओसरीवर आज कधी नव्हे ते अख्खं घर एकत्र बसलं. मध्ये शेंगांचा ढीग, वर चार्जिंगचा दिवा. मामेबहीण म्हणाली, "ताई, घाल की एखादं खुनाचं कोडं."

हा खेळ आमच्या घरात मीच आणलाय. सांगणाऱ्याला गोष्ट पूर्ण माहीत असते, पण तो फक्त शेपूट दाखवतो. अमका मेला, तमकी अशी वागली, बस्स. का आणि कसं ते बाकीच्यांनी शोधायचं. प्रश्न हवे तितके विचारा, पण ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येईल असेच. तिसरं उत्तर 'गैरलागू', म्हणजे त्या वाटेला जाऊ नका. जर्मनीत होल्गर ब्योश यांनी २००४ मध्ये अशा ५० भयंकर गोष्टींचा पत्त्यांचा संच काढला आणि मग त्याचे भागावर भाग निघाले. जपान आणि चीनमध्ये हाच खेळ कासवाच्या सूपाच्या नावाने चालतो, कारण तिकडचं सगळ्यात गाजलेलं कोडं हॉटेलात ते सूप चाखून नंतर जीव देणाऱ्या माणसाचं आहे.

गाजलेली कोडी आमच्याकडे निकामी झालीत. पाणी मागणाऱ्या गिऱ्हाइकावर बंदूक रोखणारा बारवाला आणि लिफ्टमधून मधल्याच मजल्यावर उतरणारा बुटका पोरांना तोंडपाठ आहेत. म्हणून हल्ली मी स्वतःच रचते. आजचं असं:

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. साताऱ्याकडचं खेडं. नवरा मुंबईला गिरणीत. एके दिवशी पोस्टमन बायकोच्या हातात पत्र ठेवतो. ती ते उघडते, क्षणभर बघते आणि हंबरडा फोडते, "माझ्या माणसाला मारलं!" आणि ते खरंच असतं.

प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पत्रात कुणी खुनाचं कळवलंय का? नाही. धमकी आहे का? नाही. पत्र नवऱ्याच्याच नावाने आलंय का? हो. रक्ताचा डाग आहे का? (हा मामेभाऊ. रात्ररात्र सिरीज बघतो.) नाही. मग आजी आतून म्हणाली, "कार्डाचा कोपरा फाडलेला हुता का गं?" मयताचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडायची पद्धत होती, हे आमच्यातल्या निम्म्यांना आज कळलं. उत्तर 'नाही'च होतं, पण आजीला मी मनातल्या मनात हात जोडले.

"तिनं पत्र वाचलं, बरोबर ना?" मामांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं?"

"नाही."

"अक्षर नवऱ्याचं नव्हतं का?"

"गैरलागू."

इथे दंगा झाला. गैरलागू कसं? अक्षर त्याचं असेल किंवा नसेल, तिसरं काय असणार? चीटिंग करतेस. मला काही बोलता येईना, कारण बोलले तर कोडंच फुटणार. मामेबहीण कोर्टात वकिली करते. ती एकटी गप्प होती, पण तिच्या आधी मामीनं शेंगा फोडता फोडता मान वर न करता विचारलं, "तिला वाचता येत होतं का?"

"नाही."

"आणि त्याला लिहिता?"

"नाही."

"मग पत्रावर त्याचा अंगठा असायचा. ह्यावर सही होती." आणि तिनं टरफलं सुपात ओढून घेतली.

गिरणगावातल्या खोलीत जो कुणी शिकलेला मोकळा सापडेल तो पत्र लिहून द्यायचा, म्हणून अक्षर दर वेळी निराळं. कायम असायचा तो फक्त अंगठा. घरून कुणी चौकशीला येऊ नये म्हणून खुन्यानं 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' असं छान पत्र लिहिलं आणि खाली व्यवस्थित सही ठोकली.

शनिवार, दुपार

सकाळपासून कालचंच डोक्यात आहे. कोडं सुटलं ते तीन नकारांवर. तिनं वाचलं नाही, तिला वाचता येत नाही, त्याला लिहिता येत नाही. त्यातला पहिला नकार मामांच्या हातात आयता पडला होता, आणि तो त्यांनी खाली टाकून दिला. पत्र हाती आलंय, वाचलं नाही, तरी कळलं, ह्याहून मोठा धागा कुठला असणार? पण मामांना 'हो' हवं होतं. 'नाही' ऐकल्यावर त्यांचा चेहरा कुणी चहाला नको म्हटल्यासारखा झाला आणि ते लगेच पुढच्या दारावर गेले.

कितीदा सांगणारी होऊन बसले, त्यात हे दर वेळी दिसतं. माणसं विचारत नसतातच. मनात एक गोष्ट पक्की झालेली असते आणि तिच्यावर माझा शिक्का हवा असतो. नकार आला की आपण हरलो असं वाटतं. खरं तर चांगल्या प्रश्नाला आलेला नकार निम्मं रान साफ करतो.

ह्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी एक प्रयोग केला होता, १९६० साली छापून आला. विद्यार्थ्यांना २-४-६ हे आकडे दिले. हे एका नियमात बसतात, तुम्ही आपले तीन-तीन आकडे सांगत जा, बसतात की नाही ते मी सांगेन, खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांनी ठरवून टाकलं की दोन-दोननं वाढतात. मग ८-१०-१२, हो. २०-२२-२४, हो. खूश. नियम एवढाच होता की पुढचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. २९ जणांपैकी फक्त सहा जणांनी चुकीचा नियम एकदाही न सांगता बरोबर उत्तर गाठलं. बाकीच्यांतल्या कुणी १-२-३ म्हणून बघितलं असतं तर दोनाचा भ्रम तिथंच फुटला असता. पण त्यासाठी आपली कल्पना मोडायला निघावं लागतं, आणि आपल्या हातानं आपली कल्पना कोण मोडतंय?

मामेबहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "आमचं उलटंय ताई. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न विचारायचाच नाही." तिच्या कामात हो-नाहीचे प्रश्न हे हत्यारच. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १४१ ला सूचक प्रश्नाची व्याख्या होती, म्हणजे विचारणाऱ्याला जे उत्तर हवंय ते ज्यात आधीच सुचवलेलं असतं तो. आपल्या साक्षीदाराच्या सरतपासणीत समोरच्यानं हरकत घेतली तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही, उलटतपासणीत बेलाशक चालतो. १ जुलै २०२४ पासून त्या जागी नवा कायदा आला, ही विद्या तीच आहे. "काल अक्षराच्या प्रश्नाला तू अडलीस तेव्हाच मला वास आला," ती म्हणाली. "बायकोला मारायचं बंद केलंस का, ह्याला हो म्हणा की नाही, माणूस अडकतोच. तसा तो प्रश्न होता. त्याला अक्षर आहे हे आम्ही न विचारताच धरून चाललो होतो."

मग मामी का बोलली तुझ्याआधी, असं मी विचारणार होते. राहू दिलं.

शनिवार, संध्याकाळ

मामेभावाचं म्हणणं, हे सगळं गणितानं सुटतं. इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे सगळंच गणितानं सुटतं. प्रत्येक प्रश्न असा घाला की शक्यतांचे बरोबर दोन तुकडे व्हावेत, म्हणजे २० प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींतून एक निवडता येते. हिशोब चोख आहे. मनात आकडा धरला असेल तर ह्याहून चांगली रीत नाही.

आणखी मजेदार भाग त्यानंच सांगितला. गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलम यांनी १९७६ मध्ये विचारलं होतं की उत्तर देणाऱ्याला एकदा खोटं बोलायची मुभा दिली तर दहा लाखांतला आकडा शोधायला किती प्रश्न लागतील. उत्तर १९८७ मध्ये निघालं, २५. म्हणजे एका थापेची किंमत फक्त पाच प्रश्न. यावर मामेबहीण जी हसत सुटली! "एकच थाप? आमच्याकडचा साक्षीदार नाव सांगतानाच एक संपवतो."

पण गणिताचं घोडं खुनाच्या कोड्यात पेंड खातं, असं माझं मत आहे, आणि ते मी त्याला ऐकवलं. दोन तुकडे करायला आधी यादी समोर लागते. कालच्या कोड्यात 'नवऱ्याला लिहिता येत नव्हतं' ही शक्यता कुणाच्या यादीतच नव्हती. जे ताटात वाढलेलंच नाही त्याचे निम्मे काय करणार? त्याच्या पिढीला अंगठा म्हणजे फोन उघडायचं साधन. मामीच्या माहेरी तिच्या आजोबांच्या कागदांवर अंगठेच आहेत, हे तिनं आज भाकरी थापताना सहज सांगितलं. दुपारच्या प्रश्नाचं उत्तर मला न विचारता मिळालं.

रविवार, रात्री

आज मामांचा काटा काढला.

कल्पना माझी नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर एक किस्सा सांगायचे. जेवणानंतर बाकीच्यांनी ठरवलेला शब्द वीस हो-नाही प्रश्नांत ओळखायचा खेळ चालला होता, त्यांची पाळी आली, ते खोलीबाहेर गेले. परत आले तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. प्रश्न विचारायला लागले तर उत्तरं येईनात लवकर, जो तो विचार करत बसे. शेवटी त्यांनी विचारलं, ढग आहे का? हो, आणि हशा. कुणी कसला शब्द ठरवलाच नव्हता. जो तो हवं ते उत्तर देत होता, फक्त आधीच्या सगळ्या उत्तरांना धरून. व्हीलर ह्यावरून थेट अणूपर्यंत जात, की तिथंही आपण काय विचारतो ह्यावर काय सापडतं ते ठरतं. मला तेवढं लांब जायचं नव्हतं. मला मामांपर्यंतच जायचं होतं.

हाच खेळ तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनीही सांगितलाय, त्यात उत्तर डोकं न चालवता प्रश्नाच्या शेवटच्या अक्षरावरून द्यायचं असतं. ते इंग्रजीत जमतं. मराठीत असे बहुतेक प्रश्न 'का' वर संपतात, म्हणजे मामांना रात्रभर जवळजवळ 'हो'च मिळालं असतं. म्हणून आम्ही पहिलं अक्षर धरलं. अ पासून न पर्यंत काही आलं तर हो, प पासून पुढे नाही. आधीच्या उत्तराशी भांडण होत असेल तरच नियम मोडायचा.

मामा म्हशीला वैरण टाकून आले. गोष्ट ठरलीय म्हटलं, एक खून झालाय, विचारा.

"खून शिवारात झाला का?" हो. "रात्री झाला का?" नाही. "मारणारा परका होता का?" नाही. "घरातला?" हो. मामा मांडी ठोकून पुढे सरकले. "सख्खा भाऊ?" नाही. "चुलतभाऊ?" हो. "बाईवरून झालं का?" नाही. "जमिनीवरून?" हो! "वाटणी झालेली का?" नाही. "बांध कोरला का?" नाही. मामा जरा थांबले. आम्ही सगळे दिव्याकडे बघत होतो, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर संपलंच होतं. "झाड तोडलं का?" हो. "विळ्यानं मारलं?" नाही. "कुऱ्हाडीनं?" हो. "पोलिसांत गेलं का?" नाही. "गावाला ठाऊक होतं का?" हो.

नियम एकदाही मोडावा लागला नाही, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतंय. मामांनी मग गोष्ट अशी सांगितली की ओसरी गार पडली. सामाईक जमीन, बांधावरचं झाड, थोरल्या घराला न विचारता एकानं ते पाडलं, दुसरा भरदुपारी तीच कुऱ्हाड घेऊन उलटला, आणि घराण्याची अब्रू नको जायला म्हणून गावानं तोंड शिवलं. आजीसुद्धा आतून उठून दाराशी आली. आमच्या प्रत्येक 'नाही'ला मामांनी आज मान दिला होता, हे कुणाच्या लक्षात आलं की नाही देव जाणे. त्यांना गोष्ट हवी होती आणि ती मिळत होती.

मामेभावाला राहवलं नाही. "पप्पा, गोष्टच नव्हती. आम्ही पहिलं अक्षर बघून हो-नाही म्हणत होतो."

मामांना पटेना. पुन्हा सांगितलं, नियम सांगितला, त्यांच्याच प्रश्नांवर लावून दाखवला. ते बोटांवर अक्षरं मोजत राहिले आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण मग झाड कुणी तोडलं?"

"तुम्हीच की. आत्ता, हितं बसून," मामी म्हणाली.

मामांनी थोडा वेळ विचार केला. "आंब्याचं हुतं," म्हणाले.