पहिली तीन अक्षरे

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी या नात्याने काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. पत्रात इमारत, स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा, शिस्त असे विषय सुचवलेले आहेत. त्यांविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी इंग्रजीच्या बाईंविषयीच लिहिणार आहे, कारण शाळेने मला जे काही दिले त्यातला फार मोठा वाटा त्यांच्या हातून मिळाला. आपल्या शाळेत बाई अनेक होत्या, पण नुसते 'बाई' म्हटले की कोणत्या, हे आमच्या पिढीला विचारावे लागत नाही. म्हणून येथेही नाव लिहीत नाही.

गिरणगावातल्या मराठी माध्यमाच्या मुलांचे इंग्रजी त्या काळी पाचवीत सुरू होई. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसे. इंग्रजी अक्षरे दिसत ती गिरणीच्या फाटकावरच्या पाटीवर, औषधाच्या बाटलीवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत. स्पेलिंग पाठ करायचे, अर्थ पाठ करायचा आणि परीक्षा झाली की दोन्ही विसरायचे, असा आमचा क्रम होता. आठवीत बाई आमच्या वर्गावर आल्या. पाठांतर त्यांनी बंद केले नाही, पण शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास त्यांनी शब्दकोशासाठी राखून ठेवला. फळ्याच्या माथ्यावर त्या इंग्रजीची तीनच अक्षरे लिहीत आणि त्या तीन अक्षरांनी सुरू होणारे शब्द आम्ही बाकाबाकावर वाटून दिलेल्या कोशांतून शोधून वहीत उतरवीत असू. वहीचे एक पान त्या तीन अक्षरांसाठी असे. या वहीला आम्ही 'पानवही' म्हणत असू.

शब्द आणि अर्थ उतरवून झाले की खरा तास सुरू होई. बाई म्हणत, "एका चाळीत, एका गॅलरीत शेजारीशेजारी राहणारी बिऱ्हाडे एका गावची असतात का रे? मग शब्दांना तरी गाव विचारल्याशिवाय नातेवाईक का मानता?" शाळेच्या छोट्या कोशात शब्दांचे मूळ दिलेले नसे. त्यासाठी बाई आठवड्यात एखादी संध्याकाळ दादर-नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसत आणि मोठ्या कोशांतून टिपणे काढून आणत. १८९८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे नाव मी प्रथम ऐकले ते बाईंच्याच तोंडून. शाळा सुटल्यावर घरचे सर्व सांभाळून, कोणी सांगितलेले नसताना, आठवीच्या पोरांसाठी कोशांपुढे बसणाऱ्या शिक्षकाचे मोल मला फार उशिरा, स्वतः दुसऱ्यांना शिकवू लागल्यावर कळले.

सर्वांत ठळक आठवतो तो 'बी-ए-एन'चा शनिवार. फळ्यावर शब्द जमले: बॅन, बॅनिश, बँडिट, बनाल, बँक, बँकरप्ट, बँक्वेट, बँडेज, बँडाना, बँगल, बॅनियन, बनाना आणि बँडिकूट. पहिली तीन अक्षरे सर्वांची एकच, अर्थ मात्र एकमेकांना न ओळखणारे. बंदी, हद्दपारी, दरोडेखोर, सामान्य, पतपेढी, दिवाळखोर, मेजवानी, पट्टी, रुमाल, बांगडी, वडाचे झाड, केळे आणि घूस. बाईंनी फळ्याचे रकाने पाडले आणि एकेका शब्दाला त्याच्या गावी पाठवायला सुरुवात केली.

'बॅन' म्हणजे मुळात जाहीर पुकारा, दवंडी. जाहीरपणे ज्याला हद्दीबाहेर काढले तो 'बॅनिश' झाला, आणि इटलीत ज्याच्याविरुद्ध असा पुकारा झाला तो 'बांदितो', म्हणजे इंग्रजीतला 'बँडिट'. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून, हा शब्द आपल्या 'बंड'वरून आला असेल, असे सांगितले. बाईंनी त्याला खाली बसवले नाही. शंका चांगली आहे, पण या शब्दाचा माग इटलीपर्यंत लागतो आणि बंडाशी त्याचे नाते लागत नाही, असे त्यांनी समजावले. 'बनाल'ही याच रकान्यातला. फ्रान्समध्ये जहागीरदाराच्याच गिरणीत दळण दळावे आणि त्याच्याच भट्टीत पाव भाजावा, असे रयतेवर फर्मान असे; त्या फर्मानाची म्हणून जी गिरणी सर्वांची ती 'बनाल', आणि पुढे जे सर्वांचे, सर्रास, त्यात काही विशेष नाही असे, ते 'बनाल' झाले. गिरणीचे नाव निघताच वर्ग सावरून बसला.

दुसरा रकाना बाकाचा. इटलीतले सराफ ज्या बाकावर पैसे मांडून बसत तो 'बांका', त्यावरून बँक. तोच बाक मोडला की 'बांका रोत्ता', म्हणजे बँकरप्ट. छोट्या बाकावरून बँक्वेट. आपला 'बाक' हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'बांको'वरून मराठीत आला, हे बाईंनी सांगितले तेव्हा आम्ही सर्वांनी आपापल्या बाकाकडे पाहिले. तिसऱ्या रकान्यात आपल्याकडून गेलेले शब्द होते. बँगल ही आपली बांगडी. बँडाना हा बांधणीच्या कामाचा रुमाल. बॅनियन म्हणजे वाणी. इराणच्या किनाऱ्यावर बंदर अब्बासजवळ गुजराती वाणी ज्या झाडाखाली जमत त्या झाडाला परदेशी प्रवाशांनी त्यांचेच नाव दिले, आणि आपण अंगात घालतो तो बनियनही त्याच वाण्यांच्या पेहरावावरून आला. 'बनाना' पश्चिम आफ्रिकेतून निघून पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांबरोबर फिरला. बँडेज फ्रेंचमधून आले, पण त्याचा मूळ धातू आणि आपल्या 'बांधणे'चा मूळ धातू हजारो वर्षांमागे एकच, म्हणून बँडेज आणि बँडाना वेगवेगळ्या वाटांनी येऊनही खरे भाऊबंद निघाले. सारखी सुरुवात बहुतेक वेळा योगायोगाची असते, पण क्वचित ती खऱ्या नात्याचीही असते. शोधल्यावाचून दोन्हीपैकी काहीच म्हणता येत नाही, हे त्या एका पानाने आम्हाला दाखवले.

आता राहिला 'बँडिकूट'. आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील गिरणीत साचेखात्यात होते आणि घरची भाषा तेलुगू होती. मराठी बोलताना उच्चार चुकेल या धास्तीने तो वर्गात तोंड उघडत नसे. हजेरीला 'हजर' म्हणे, तेवढाच त्याचा आवाज. बाईंनी फळ्यावर देवनागरीत 'पंदिकोक्कु' असे लिहिले आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "हा तुझ्या भाषेतला शब्द आहे. मला नीट म्हणता येणार नाही. तू म्हणून दाखव, आणि अर्थही तूच सांग." तो उभा राहिला. त्याने शब्द उच्चारला, आणि मग सावकाश, एकेक शब्द जुळवीत सांगितले की पंदी म्हणजे डुक्कर आणि कोक्कु म्हणजे मोठा उंदीर. बाईंनी त्याच्याकडून तो उच्चार सर्व वर्गाला म्हणवून घेतला. त्याच्या मागे आम्ही सारे 'पंदिकोक्कु' म्हणत होतो आणि तो आमचे उच्चार सुधारत होता. चाळीच्या गटारात रोज दिसणाऱ्या घुशीचे इंग्रजी नाव आपल्या घरच्या भाषेने दिलेले आहे, हे त्याला त्या दिवशी कळले. त्यानंतरच्या सोमवारी त्याने स्वतःहून धडा वाचायला हात वर केला. अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या दिवशी झालेले कोणतेही कौतुक मला या घटनेपुढे मोठे वाटत नाही.

पुढे अनेक पाने झाली. 'एम-ए-एन'च्या पानावर लॅटिनमधल्या 'मानुस' म्हणजे हाताची सारी लेकरे भेटली: हाताने लिहिलेले मॅन्युस्क्रिप्ट, हाताने घडवलेले मॅन्युफॅक्चर, घोडा हाताने आवरण्यावरून आलेले मॅनेज, आणि हाताने जमीन कसणे या अर्थापासून खतापर्यंत आलेले मॅन्युअर. त्यांच्याच शेजारी मल्याळममधून पोर्तुगीजांच्या गलबतांनी नेलेला मँगो, आणि संस्कृतातल्या मंत्र्याने मलय व पोर्तुगीज भाषांतून चीनपर्यंत जाऊन घेतलेले मँडरिन हे नाव.

आमच्या दहावीच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी पगार थांबला होता आणि परीक्षा तोंडावर होती. बाईंनी शनिवारचा तास बंद केला नाही. त्या महिन्यात त्यांनी फळ्यावर 'एस-टी-आर' लिहिले. फरसबंद रस्त्याच्या लॅटिन शब्दावरून आलेला स्ट्रीट, आवळण्यावरून आलेला स्ट्रिक्ट, ग्रीकांच्या लष्करावरून आलेली स्ट्रॅटेजी, आणि त्यांच्यामध्ये स्ट्राइक. लंडनच्या बंदरातल्या खलाशांनी १७६८ साली जहाजांची शिडे उतरवून काम थांबवले आणि शिडे उतरवण्याच्या क्रियापदाला 'संप' हा अर्थ चिकटला, हे बाईंनी सांगितले. आपल्या घरी जे चालले आहे त्याच्या नावालाही दोनशे वर्षांचा इतिहास आहे, हे ऐकताना मान थोडी ताठ झाली होती. बाई त्यावर अधिक काही बोलल्या नाहीत आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या. तो शब्द स्ट्रेप्टोमायसीन होता.

क्षयाच्या इंजेक्शनाचे ते नाव गिरणगावात लहान मुलांनाही ठाऊक होते. 'स्ट्रेप्टॉस' म्हणजे पिळलेले आणि 'मायकेस' म्हणजे बुरशी. मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवापासून हे औषध १९४३ साली वेगळे केले गेले त्याचे तंतू पिळदार दिसतात, म्हणून हे नाव. एवढे मोठे, जीभ अडखळवणारे नाव असे दोन तुकड्यांत उलगडले आणि औषधांची नावे मला वाचाविशी वाटू लागली. बारावीनंतर मी औषधनिर्माणशास्त्राकडे वळलो याचे कारण कोणी विचारले तर मी हाच तास सांगतो.

परळच्या एका मोठ्या रुग्णालयातून मी मुख्य औषधनिर्माता म्हणून निवृत्त झालो. माझे सारे आयुष्य सारख्या सुरुवातीच्या शब्दांची राखण करण्यात गेले, असे म्हटले तरी चालेल. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड या दोन औषधांची इंग्रजीतली पहिली आठ अक्षरे एकच आहेत. पहिले मानसिक आजारावरचे, दुसरे मधुमेहाचे. हायड्रालाझिन रक्तदाब उतरवते आणि हायड्रॉक्सिझिन खाज शमवते. घाईत अर्धे नाव वाचून हात फळीकडे गेला तर रुग्णाच्या जिवाशी गाठ पडते. म्हणून जगभर अशा जोड्यांच्या याद्या ठेवतात आणि नावातली वेगळी अक्षरे तेवढी ठळक, मोठ्या लिपीत छापतात. आमच्या विभागात ही रीत मी आग्रहाने रुजवली, अशा जोड्या एका फळीवर ठेवू दिल्या नाहीत, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर 'एच-वाय-पी' लिहून दिले. हायपोडर्मिक म्हणजे त्वचेखालचे, हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब, हिप्नॉटिक म्हणजे झोप आणणारे. 'खाली' दाखवणारा ग्रीक शब्द, 'वर' दाखवणारा ग्रीक शब्द आणि ग्रीकांचा निद्रादेव हिप्नॉस, हे तिघे त्या तीन अक्षरांत शेजारी राहतात. मुले हे विसरत नाहीत. ही शिकवण्याची पद्धत माझी नाही, बाईंची आहे, हे मी दर वेळी सांगत आलो.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. मराठी माध्यमाची तुकडी लहान झाली आहे, गिरण्यांच्या जागी मनोरे आहेत, आणि वाचनालयाच्या खोलीत आता संगणक आहेत. संगणक हवेतच. पण अडलेला एक शब्द त्यावर टाकला की त्याच शब्दाचा अर्थ समोर येतो, आणि कोशाच्या पानावर त्याच्या मागेपुढे राहणारे शब्द कधी दृष्टीस पडत नाहीत. बँडेज शोधायला गेलेल्या मुलाला वाटेत बँडिकूट भेटत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आठवड्यातून एक तास छापील कोशासाठी ठेवावा, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे, आणि तो तास घ्यायला मी स्वतः दर शनिवारी येईन, असेही कळवले आहे.

माझ्या पानवहीची बरीचशी पाने सुस्थितीत आहेत, पण चाळ पुनर्विकासासाठी रिकामी केली त्या वेळी शेवटचा भाग भिजला आणि 'टी-आर-ए'पासून पुढचे काही वाचता येत नाही. १९८०, १९८१ आणि १९८२ या वर्षांच्या ज्या विद्यार्थ्यांनी आपली पानवही जपून ठेवली असेल त्यांनी तिची छायाप्रत शाळेच्या कार्यालयात द्यावी. सर्व पाने जुळली की त्यांची एक पुस्तिका छापून आठवी-नववीच्या वर्गांत वाटायची आहे, आणि तिचा सगळा खर्च मी करणार आहे.