चौफुल्यावरचं पाणी

लोणी काळभोर, यवत कधी मागे पडलं कळलंच नाही. लक्षात राहिली ती यवत ते वरवंडची चाल. उजव्या टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता, मागून टँकरवाला सारखा हॉर्न वाजवत होता, आणि तोंडानं हरिपाठ चालू असताना मला सगळ्यांचाच राग येत होता.

आम्ही ख्रिस्ती. मी शेजारच्या मावशींच्या दिंडीत चालते. तुकोबांच्या पालखीत मला परकं वाटत नाही. रेव्हरंड टिळक तुकोबांच्याच वाटेनं ख्रिस्ताकडे आले.

केडगाव चौफुल्याला संगीतबारीची, म्हणजे लावणी नाचणाऱ्या बायकांची थिएटरं आहेत. तिथल्या काहीजणी झाडाखाली पाण्याचं पिंप आणि लाडू घेऊन उभ्या होत्या. मावशींनी माझा पदर ओढला. "चल, पुढं पिऊ." त्यांच्यामागून बाकीच्याही निघाल्या. भरलेले ग्लास तसेच राहिले.

मी बसले. दोन ग्लास पाणी मागून प्यायले. एका बाईंनी न विचारता माझी टाच मांडीवर घेतली. मोजा पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. शेजारी दुसरा टच्च फुगलेला फोड होता, त्यातून सुईदोरा ओवला आणि पाणी झिरपावं म्हणून दोरा आतच ठेवला. वरून मलम, पट्टी. त्यांच्या घोट्यांवर घुंगरांचे काळे घट्टे होते. "आमचेबी पाय सुजत्यात, माउली," म्हणाल्या. "लेक नर्सिंगला हाय, तिनं शिकवलंय." उरलेली पट्टी आणि मलम माझ्या पिशवीत कोंबलं.

याच चौफुल्यावरून आत गेलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथं लंडनमधल्या फुलमला काही सिस्टर 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. हे तुम्ही का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. पुढे केडगावला रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन काढलं.

ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. येशूनं तिला काय दिलं हेच नेहमी सांगतात. पण भर दुपारी, चालून दमलेला प्रभू विहिरीपाशी बसला आणि आधी त्यानंच मागितलं: मला प्यायला पाणी दे. जिच्या भांड्याला यहुदी शिवत नसत, तिच्याकडे. आपण ब्लँकेटं वाटतो, जेवणं घालतो. ज्यांना देतो, त्यांच्या हातचं मात्र मागून घेत नाही. असली दया मला अर्धीच वाटते.

वरवंडला रात्री कीर्तनात कान्होपात्रा आली, मंगळवेढ्याच्या गणिकेची लेक. तिच्या अभंगाला मावशी पदरानं डोळे पुसत होत्या. मला इतका संताप आला की उठून जावंसं वाटलं. मग टाळ घुमले, आणि मीही त्यांच्या शेजारीच गात राहिले. देवाला मी काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही.

सकाळी मावशी लंगडत होत्या. "तुझ्याकडं मलम हाय का गं?"

"कालच्या बाईंनी दिलेलं आहे."

मावशी जरा थांबल्या, मग दगडावर बसून त्यांनी पाय पुढे केला. पाटसपर्यंत बोलल्या नाहीत. पाटस ओलांडल्यावर विचारलं, "तिला पोरंबाळं हायेत का?"

"एक मुलगी. नर्सिंगला आहे."

"शिकवती म्हणजे," मावशी म्हणाल्या. पुढे रोटी घाटाचा चढ लागला.