आमची वाटचाल : बोर्ड रंगवण्यापासून मसाल्याच्या पाकिटापर्यंत

कोल्हापुरात राहूनही कलानिकेतन या चित्रकलेच्या कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. घरची परिस्थिती तशी नव्हती. 1988 साली दहावी झाली आणि एका पेंटरच्या हाताखाली लागलो. डबे धुवायचे, दोरीला खडू लावून भिंतीवर रेघ मारायची आणि उस्ताद अक्षर लिहीत असताना शिडी धरायची, एवढंच काम. शिडी धरून वर बघता बघता अक्षर शिकलो.

खरी शाळा होती रविवारचा पेपर. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची अक्षरं यायची. नाटक विनोदी की गंभीर, हे नाव वाचायच्या आधी अक्षराच्या वळणावरून कळायचं. ती कात्रणं मी वहीत चिकटवायचो आणि वर बटर पेपर ठेवून गिरवायचो. गिरवताना कळलं की त्यांची वेलांटी कधीच नुसती वेलांटी नसते, ती पूर्ण शब्दाचा तोल सांभाळते. रद्दीवाल्याकडे जुने दिवाळी अंक किलोवर मिळत. त्यातली चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मी कापून ठेवली. रंग किती लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे दलालांकडून घेतलं. शहरात कलायोगी जी. कांबळे यांच्या सिनेमाच्या पोस्टरांच्या आठवणी सांगणारे म्हातारे पेंटर होते. त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो, तेही शिक्षणच.

1994 ला स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हाची हत्यारं अजून टेबलाच्या खणात आहेत. शाईनं बारीक रेघ मारायची रॉटरिंगची तीन पेनं आहेत. 0.2 चं टोक सुकलं की कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं, जोरात झटकायचं नाही. आतली तार वाकली की पेन संपलंच. सपाट ब्रश घासलेटमध्ये धुऊन वर थोडं गोडं तेल लावून ठेवायचा, म्हणजे केस ताठ होत नाहीत. आजची मुलं हसतील, पण ज्याला ब्रश सांभाळता येत नाही त्याला फाईलही सांभाळता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

1997 ला कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला, सोबत डिझाइनसाठी कोरल आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी ही सॉफ्टवेअरं. श्रीलिपी चालायला कॉम्प्युटरला लावायचं लॉक मी रोज रात्री काढून घरी न्यायचो, इतकी त्याची किंमत वाटायची.

मसाल्याच्या काकी आमच्या दुसऱ्याच वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. घरी डंखावर, म्हणजे कांडप यंत्रावर, मसाला कुटून विकायच्या. पहिलं लेबल मी त्यांना हातानं काढून स्क्रीन प्रिंटिंगवर छापून दिलं होतं. 2003 ला त्यांनी लॅमिनेटेड पाकिटं करायचं ठरवलं. खडा मसाल्याच्या पाकिटावर ओळ होती, ‘पांढऱ्या रश्श्यासाठी खास’. ती ओळ मी टाईप केली नव्हती, चार दिवस बसून काढली होती. ‘ऱ्या’मधला तो अर्धा ऱ मी मुद्दाम रुंद, विळ्यासारखा वळवून पुढच्या ‘या’ला भिडवला होता. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं अक्षर होतं.

काम छपाईसकट माझ्याकडे होतं. फाईल छपाईसाठी तयार करायला शहरातल्या एका मोठ्या आर्टवर्क सेंटरमध्ये दिली. त्यांच्याकडे ती नीट उघडली नाही. मला एक फोन करायचा, तर तिथल्या माणसानं माझी ओळ काढून टाकली आणि स्वतः टाईप केली. ‘पांढर्या’. ‘या’वर रफार! प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मला दाखवलं नाही. त्यावरून छपाईचे सिलिंडर बनले, पाकिटाची प्लास्टिक फिल्म छापली गेली आणि रोल थेट काकींच्या दारात उतरले. मी तिथे पोचलो तेव्हा त्या चष्मा लावून ती ओळ वाचत होत्या.

मरून रंगाचा एक सिलिंडर नव्यानं करावा लागला, पण छापलेली फिल्म सगळी वाया. 68,000 रुपये गेले. त्याच वर्षी फ्लेक्स आला आणि हातानं रंगवायच्या बोर्डांची कामं महिन्याभरात निम्म्यावर आली. दोन पोरं कामावर होती, त्यांना पगार द्यायला बायकोच्या पाटल्या ठेवल्या. वर त्या सेंटरचा मालक गावभर सांगत फिरला, की पेंटर लोकांना कॉम्प्युटर जमत नाही. ज्याच्या माणसाला ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यातला फरक कळत नव्हता, त्यानं हे बोलावं! तीन जुनी गिऱ्हाईकं त्या बोलण्यावर गेली. वीस वर्षं होऊन गेली, हे मी विसरलेलो नाही.

काकी मात्र म्हणाल्या, “बाळा, माझा मसाला चांगला हाय, तुझं अक्षरबी चांगलं हाय. पाकीट परत नवं कर.” पुढच्या कामाचे निम्मे पैसे त्यांनी आधीच हातावर ठेवले. त्यावर दुकान उभं राहिलं. नंतरची वर्षं कामात गेली, आज आम्ही सहा जण आहोत आणि काकींचं काम आता त्यांचा नातू घेऊन येतो.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, फाईल बाहेर देताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचं चित्र करूनच द्या. स्वतःच्या डोळ्यांनी प्रूफ बघितल्याशिवाय आणि त्यावर गिऱ्हाईकाची सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि फॉन्टच्या यादीत बोट फिरवण्याआधी पेन्सिल घ्या. विंडोजमधला मंगल ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आधी हातानं लिहिणारे सुलेखनकार होते, हे लक्षात ठेवा.

त्या सेंटरनं मला बिलही पाठवलं होतं. त्यात एक ओळ होती, ‘फाईल दुरुस्ती, 350 रुपये’. मी ते पूर्ण भरलं. पावती रॉटरिंगच्या पेनांशेजारी त्याच खणात आहे.