मे महिना, ढोंड्याची अंडी आणि ३२ अंश

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सोबत पीएचडी करते. विषय आहे ढोंड्याच्या, म्हणजे पाणदिवडीच्या, यकृताचे ऑर्गनॉइड. अवयवातल्या मूलपेशी जेलमध्ये योग्य खुराकावर ठेवल्या की त्याच अवयवाच्या पेशींचे बारीक गोळे तयार होतात, ते हे.

हे डोक्यात भरलं नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या कामामुळे. हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदराच्या आतड्याचे असे गोळे वाढवले होते. २०२० मध्ये त्यांच्याकडच्या पीएचडीच्या पोरांनी नऊ जातींच्या सापांच्या विषग्रंथी वाढवल्या आणि त्या बशीतही विष तयार करत होत्या. वाढीसाठी घातलेली प्रथिनं सस्तन प्राण्यांचीच चालली. बदलावं लागलं ते तापमान. माणसाच्या पेशी ३७ अंशांवर वाढतात, सापाच्या ३२ वर. उट्रेख्टमध्ये बसून वाचणाऱ्याला हा आकडा साधा वाटेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

घोणस, नाग का नाही घेतला, हे सगळेच विचारतात. या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि रात्रीच्या लाइनवर ओलित करणाऱ्या आमच्या लोकांना तो आकडा सांगावाही लागत नाही. प्रतिविष अजूनही घोड्याच्या रक्तातूनच येतं. पण विषारी साप ठेवायची सोय आमच्या कॉलेजात नाही, आणि पद्धत आधी बिनविषारी सापावर बसवलेली बरी.

सापाच्या अंड्यालाही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीचा ठराव जोडून नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयाकडे कलम १२ खाली अर्ज करायचा. कागद कितीदा परत आला ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, अर्ज पोळ्याच्या सुमारास टाका, तेव्हा कुठे उन्हाळ्यात अंड्यांना हात लावता येईल.

परवानगी हातात होती आणि ओळखीच्या एका काकांचा फोन आला. "मॅडम, धुऱ्यात ढोंड्याचे अंडे निघाले. लवकर या, नाईतं मुंगूस ठेवत नाई." वनरक्षकाला घेऊन गेले. काकांची म्हातारी आई अंड्यांकडे बघत म्हणाली, "सारेच फोडता का वो बाई? बाकीचे सोडसान ना?" "हाव आजी," म्हटलं. बहुतेक अंडी ओल्या मातीत ठेवून उबवली आणि पिल्लं तलावावर सोडली. कामाला घेतली ती मोजकीच, फुटायला आलेली.

सापाचं अंडं कोंबडीसारखं टणक नसतं. कवच चामड्यासारखं असतं, कात्रीने कापलं जातं. आत पिल्लू वेटोळं करून असतं. त्याला नियमाप्रमाणे बेशुद्ध करून, वेदना न होता संपवायचं, मग उघडायचं. यकृत माणसासारखं पसरट नाही, शरीराच्या लांबीने गेलेली गडद तपकिरी पट्टी असते. ती बर्फावरच्या बशीत बारीक चिरायची, पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेज या विकरात ठेवायची, गाळायची, सेंट्रिफ्यूज करायची आणि तळाशी बसलेल्या पेशी मॅट्रिजेल नावाच्या जेलमध्ये मिसळायच्या.

मॅट्रिजेल ४ अंशांवर पातळ असतं आणि गरम झालं की घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की सहजासहजी पुन्हा पातळ होत नाही. त्यामुळे पिपेटच्या टिपासुद्धा आधी फ्रीजरमध्ये ठेवाव्या लागतात. ते येतं ड्राय आइसमध्ये, आणि कुरियरवाल्यांच्या लेखी आमचा तालुका 'उद्या बघू' या यादीत. एक पार्सल नागपूरहूनच पुढे सरकलं नाही. पोचलं तेव्हा डब्यात बर्फाचा मागमूस नव्हता. तेव्हापासून मी एसटीने जाऊन स्वतः आणते, थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन. शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, मासोळी आहे का.

खरी कसरत इनक्युबेटरची. कार्बन डायऑक्साइडचा साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. त्याला ३२ वर राहायचं तर खोली २७ च्या आसपास हवी. एसी होता, पण लाइन गेली की इन्व्हर्टरवर एसी चालेना आणि आतला आकडा आपोआप वर चढायला लागे. कूलर लावा, असं प्रत्येकाने सुचवलं. कूलरच्या ओल्या गवताची हवा कल्चरच्या खोलीत सोडणं म्हणजे बुरशीला आवतण.

उपाय वनस्पतिशास्त्राच्या कोपऱ्यात पडून होता. जुना बीओडी इनक्युबेटर. त्याला कॉम्प्रेसर असतो, म्हणून तो थंडही करतो. त्यात गॅस सोडायची सोय नाही, तेव्हा प्लेट हवाबंद डब्यात ठेवायच्या, डब्यात ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण भरायचं, तळाशी ओला कापूस ठेवायचा आणि डबा आत सरकवायचा. परीक्षेसाठी घेतलेल्या जनरेटरची एक लाइन प्राचार्यांनी त्याला जोडून दिली. ही सही नागपूरच्या परवानगीहून लवकर मिळाली.

आठवड्याच्या आतच सूक्ष्मदर्शकाखाली जेलमध्ये पोकळ गोळे दिसू लागले. पातळ, चकचकीत कडा, आत स्वच्छ द्रव. बहुधा पित्तनलिकेच्या पेशींचे असावेत. जनुकांची तपासणी बाकी आहे, तोवर मी 'यकृताचे' असं ठासून म्हणत नाही. फोडून नव्या जेलमध्ये घातले की पुन्हा वाढतात. ३७ वर मुद्दाम ठेवलेल्या प्लेटमधले मात्र काळवंडून गेले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साठवायचे तर द्रवरूप नायट्रोजन पाहिजे. तो शहरातच मिळतो असं वाटत असेल तर गावच्या गुरांच्या दवाखान्यात डोकवा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. डॉक्टरांनी रीतसर पत्र मागितलं, रिकामा पडलेला एक जुना कंटेनर काढून दिला आणि त्यावर पट्टी चिकटवायला लावली: 'साप. गाईला वापरू नये.' नायट्रोजनची गाडी आली की ते त्यांचे कंटेनर भरतात आणि मला फोन करतात.