१९३० ला फोन लावल्यावर पैसा कसा अडतो

इंदुरात आपल्या मराठी मंडळींत, विशेषतः पेन्शनरांत, ऑनलाइन फसवणूक झाली की पहिली धाव बँकेच्या शाखेकडे असते. तीही दुसऱ्या दिवशी, शाखा उघडल्यावर. तोवर पैसा चार खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघालेला असतो. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकी सगळं मागाहून.

फोन पोलिस उचलतात, पण यंत्रणा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आयफोरसीची, म्हणजे सायबर गुन्हे समन्वय केंद्राची. २०२१ पासून तिने पोलिस, बँका आणि वॉलेट कंपन्यांना एका जाळ्यात जोडलंय. समजा, पलासियातल्या खात्यातून दोन लाख गेले. तक्रार आधी तुमच्या बँकेला दिसते. पैसा कुठल्या बँकेत उतरला ते ती नोंदवते, की तक्रार तिकडे सरकते. तिथे साठ हजार शिल्लक असले तर त्यांवर होल्ड लागतो, म्हणजे ते खात्यातच अडवले जातात. उरलेले एक लाख चाळीस हजार पुढे कुठे गेले ते ती बँक नोंदवते, मग तिसरी बँक. एका बँकेने दोन तास लावले की पुढच्या सगळ्यांना रिकामी खाती सापडतात.

ही साखळी चालते व्यवहार क्रमांकावर. यूपीआय आणि आयएमपीएसचा १२ आकडी असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरी. पैसे पाच वेळा गेले असतील तर पाचही व्यवहार वेगवेगळे सांगा. नुसती बेरीज सांगितली तर त्या रकमेचा व्यवहार बँकेला सापडत नाही. फोननंतर तक्रार क्रमांकाचा एसएमएस येतो. उरलेला तपशील २४ तासांत cybercrime.gov.in या पोर्टलवर भरायचा. चॅट आणि आलेली एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल लाजेपोटी पुसू नका, कृपा करा. तो पुरावा आहे.

१९३० ला तक्रार केली म्हणजे दरवेळी एफआयआर होतोच असं नव्हे, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. एफआयआरशिवाय ईडीलाही हात घालता येत नाही, कारण २००२ च्या मनी लाँडरिंग कायद्याला आधी मूळ गुन्हा लागतो. तो असला तर ईडी मालमत्ता १८० दिवसांपर्यंत तात्पुरती जप्त करू शकते. दुसऱ्या बाजूने बँका संशयास्पद व्यवहारांचे अहवाल अर्थमंत्रालयाच्या एफआययूला (आर्थिक गुप्तवार्ता विभागाला) पाठवत असतात आणि तिथून माहिती तपास यंत्रणांकडे जाते. भाड्याने दिलेली खाती अशाच अहवालांतून उघडी पडतात. तेव्हा ‘खातं वापरू दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्याला पोराने खातं दिलं असेल तर आजच बँकेला कळवा.

होल्ड लागला म्हणजे पैसे परत आले असंही नाही. रक्कम बहुधा कोर्टाच्या आदेशाने सुटते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज होतो. अर्जात तक्रार क्रमांक, होल्ड झालेल्या प्रत्येक खात्याची बँक आणि नेमकी रक्कम हवी. ही यादी ठाण्यातून मागून घ्या. होल्ड परराज्यातल्या बँकेत असला तर आदेशाची प्रत तिथे पोचली का, हे पाठपुरावा करून बघावं लागतं.

यात भरडला जातो तो निरपराध दुकानदार. गिऱ्हाइकाने दिलेले आठशे रुपये फसवणुकीतले निघतात आणि सगळं खातं गोठतं. हा अन्याय आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा प्रकरणांत पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच होल्ड ठेवायला सांगितलं. बँकेकडून तक्रार क्रमांक आणि तपास कुठल्या ठाण्याकडे आहे ते लेखी घ्या, मग बिलाची प्रत जोडून त्या ठाण्याला ईमेल करा आणि होल्ड आठशेपुरता ठेवण्याची मागणी स्पष्ट लिहा.